भातावरचे विषाणूरोग: कीड ओळखण्यापासून प्रतिकारक वाण निवडण्यापर्यंत

भाताच्या रोपात विषाणू एकदा शिरला की तो बाहेर काढणारे औषध नाही. बुरशीनाशकाने तो मरत नाही, प्रतिजैविकाने मरत नाही, आणि कीटकनाशक मारते ते किडीला. भातशेतीत नव्याने उतरलेल्या माणसाने ही गोष्ट आधी पक्की धरावी, कारण पुढची सगळी कामे तिच्यावरून ठरतात. वाण कोणता घ्यायचा, रोपे कधी टाकायची, आधीच्या पिकाच्या धसकटांचे काय करायचे, हे सारे निर्णय लावणीच्या आधीचे आहेत. रोग दिसल्यावर हातात उरते ते नुकसान वाढू न देणे, एवढेच.

पायरी 1: कोण काय वाहून नेते ते समजून घ्या

विषाणूला स्वतःहून एका रोपावरून दुसऱ्या रोपावर जाता येत नाही. भातात हे काम बहुतांशी तुडतुडे करतात. तुडतुडा सोंड खुपसून रस शोषतो आणि त्याच वाटेने विषाणू घेतो किंवा देतो. त्यामुळे रोगाचे नाव कळले की पाठोपाठ किडीचे नावही माहीत हवे.

टुंग्रो हिरव्या तुडतुड्यांमुळे पसरतो. दक्षिण आणि आग्नेय आशियातला हा सर्वांत घातक भातरोगांपैकी एक. तपकिरी तुडतुडा दोन रोग वाहतो: ग्रासी स्टंट आणि रॅग्ड स्टंट. पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्यामुळे काळ्या रेषांच्या खुज्या रोगाचा दक्षिणी प्रकार होतो. हा प्रकार 2001 मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात प्रथम आढळला. 2022 च्या खरिपात पंजाब आणि हरियाणात भाताची रोपे अचानक खुजी राहू लागली, तेव्हा तपासणीत हाच विषाणू निघाला. चीन, जपान, कोरियातला स्ट्राइप रोग लहान तपकिरी तुडतुडा पसरवतो. आफ्रिकेतला यलो मॉटल मात्र वेगळा. 1966 मध्ये केनियात प्रथम नोंदलेला हा रोग पाने कुरतडणारे भुंगेरे पसरवतात. शिवाय रोगट रोपाचा रस लागलेले हात, विळे आणि चरणारी जनावरेही तो पसरवतात.

नावे पाठ करण्यापेक्षा महत्त्वाची आहे ती वाहून नेण्याची पद्धत, कारण पुढचे उपाय तिच्यावर अवलंबून असतात. ती मुख्यतः दोन प्रकारची आहे.

टुंग्रोचा विषाणू तुडतुड्याच्या मुखांगांशी चिकटून राहतो, शरीरात वाढत नाही. रोगट रोपावर थोडा वेळ रस शोषला की तुडतुडा लगेच दुसऱ्या रोपाला रोग देऊ शकतो. पण ही क्षमता काही दिवसांतच संपते. पिल्लाने कात टाकली की तीही जाते, आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत ती उतरत नाही. म्हणजे टुंग्रोचा साठा किडीत नसून रोगट रोपांत असतो. आजूबाजूला हिरवे रोगट भात काही आठवडे राहिलेच नाही, तर साखळी तुटते.

ग्रासी स्टंट, रॅग्ड स्टंट, स्ट्राइप आणि काळ्या रेषांचा खुजा रोग यांचे विषाणू मात्र किडीच्या शरीरात शिरून तिथे वाढतात. शोषल्यानंतर साधारण एक-दोन आठवडे जावे लागतात, मग तो तुडतुडा बहुधा जन्मभर रोग पसरवत राहतो. स्ट्राइपच्या बाबतीत विषाणू अंड्यांतून पिल्लांतही उतरतो. वनस्पतींचा विषाणू किडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो हे प्रथम भातावरच सिद्ध झाले: 1933 मध्ये जपानच्या तेइकिची फुकुशी यांनी भाताच्या खुज्या रोगावर काम करताना ते दाखवले. अशा रोगांत नुसती धसकटे काढून भागत नाही, कारण किडीच स्वतः साठा बनलेल्या असतात. त्यातच तपकिरी आणि पांढऱ्या पाठीचे तुडतुडे वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. दक्षिण चीनमधून समुद्र ओलांडून ते दर उन्हाळ्यात जपानपर्यंत पोचतात.

पायरी 2: खाचरात उतरून लक्षणे पाहा

बांधावर उभे राहून विषाणूरोग ओळखता येत नाही. लावणीनंतर दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा तरी खाचरात उतरून चालायला हवे.

आधी पाहायचे ते रोगाची मांडणी. विषाणूरोग बहुधा ठिकठिकाणी पट्ट्यांत दिसतो. चार चुडे (एका जागी लावलेल्या रोपांचे झुपके) पिवळे-खुजे, शेजारचे पाच निरोगी, पुन्हा दोन खुजे. अन्नद्रव्याची कमतरता असेल तर सगळा भाग जवळपास सारखाच पिवळा पडतो, किंवा माती-पाण्याच्या चढउताराप्रमाणे बदलतो.

मग चूड जवळून पाहा. टुंग्रोत पान टोकाकडून पिवळे ते नारिंगी होत खाली येते, रोप खुजे राहते, फुटवे कमी येतात. लोंब्या उशिरा निसवतात आणि त्यात पळिंज, म्हणजे पोकळ दाणे, जास्त राहते. ग्रासी स्टंटमध्ये याच्या उलट फुटवे बेसुमार येतात, पाने अरुंद, फिकट आणि ताठ होतात, चूड गवताच्या झुपक्यासारखा दिसतो. रॅग्ड स्टंटमध्ये पाने गडद हिरवीच राहतात, पण कडा फाटल्यासारख्या होतात, टोके पिळवटतात आणि शिरांवर फुगवटे येतात. काळ्या रेषांच्या खुज्या रोगातही रोप गडद हिरवे आणि बुटके असते. देठावर बोट फिरवले की पांढरट मेणासारखे, पुढे काळे पडणारे उंचवटे लागतात. दक्षिणी प्रकारात वरच्या पेरांनाही मुळे फुटलेली दिसतात.

गडद हिरवा रंग पाहून नवखा माणूस रोप तंदुरुस्त समजतो. रंगाबरोबर उंचीही पाहायची सवय लावून घ्या.

पायरी 3: दुसरे काही तर नाही ना, याची खात्री करा

टुंग्रो आणि नत्राची कमतरता यांची गल्लत सर्वांत जास्त होते. नत्र कमी पडले की आधी खालची जुनी पाने पिवळी पडतात आणि नत्र दिल्यावर आठवडाभरात हिरवेपणा परततो. टुंग्रोत तो परतत नाही. जस्ताच्या कमतरतेत पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके येतात, पण नारिंगी छटा टोकाकडून खाली सरकत जात नाही. तपकिरी तुडतुड्यांनी रस शोषून रोपे करपली असतील तर वाळलेले गोलाकार ठिगळ दिसते आणि बुडाशी किडींची गर्दी असते. ते रस शोषल्याचे थेट नुकसान आहे. तिथे विषाणू असेलच असे नाही.

टुंग्रोसाठी आयोडीनची एक सोपी चाचणी आहे. रोगट पानात तयार झालेला स्टार्च रात्रभरात नीट हलत नाही, तिथेच साठून राहतो, म्हणून ती पहाटेच करतात. सकाळी सहाच्या आत संशयित पानाचा टोकाकडचा सुमारे 10 सेंटिमीटर तुकडा कापा. 100 मिलिलिटर पाण्यात 6 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि 2 ग्रॅम आयोडीन विरघळवून केलेल्या द्रावणात कापलेले टोक 15 मिनिटे बुडवा, मग पाण्याने धुवा. गडद निळ्या-काळ्या रेषा उमटल्या तर टुंग्रोची शक्यता बळावते. निरोगी दिसणाऱ्या चुडाचे पानही शेजारी ठेवून तपासा, नाहीतर तुलनेला काही राहत नाही. ही चाचणी अंदाज देते. खात्रीसाठी प्रयोगशाळेतील एलायझा किंवा पीसीआर चाचणी लागते. कृषी विद्यापीठाच्या वनस्पतीरोग विभागाकडे नमुना पाठवताना एकाच चुडाची पाने पाठवू नका. रोगट पट्ट्यातले, कडेचे आणि निरोगी, असे तिन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत घालून नाव लिहून द्या.

पायरी 4: तुडतुडे मोजा

शेतात तिरक्या रेषेत चालत 20 चुडे निवडा. हिरवा तुडतुडा वरच्या पानांवर असतो, चाहूल लागली की तिरका सरकतो किंवा उडी मारतो. नराच्या पंखांची टोके काळी असतात. तपकिरी आणि पांढऱ्या पाठीचे तुडतुडे पाण्याच्या पातळीजवळ बुडाशी दडलेले असतात. चूड किंचित वाकवून बुडाशी थाप मारली की ते पाण्यावर पडतात आणि मोजता येतात. हाताने फिरवायची जाळी आणि रात्रीचा प्रकाश सापळा यांनीही अंदाज येतो. सापळ्यात संख्या अचानक वाढली की नवे थवे आल्याची ती पहिली सूचना असते.

मोजताना कोळी आणि मिरिड ढेकूणही मोजा. ते तुडतुडे आणि त्यांची अंडी खातात. ज्या खाचरात ते भरपूर आहेत तिथे घाई करायचे कारण नसते.

एरवी प्रति चूड 10 हिरव्या तुडतुड्यांपर्यंत थांबता येते. टुंग्रो असलेल्या भागात ही मर्यादा 2 वर येते. या फरकामागचे कारण उघड आहे: रस शोषण्याचे नुकसान किडींच्या संख्येने वाढते, पण रोग द्यायला एकच विषाणूवाहक तुडतुडा पुरतो. आपल्या भागाची शिफारस वेगळी असेल तर तीच धरा.

पायरी 5: वाण निवडताना तीन प्रश्न विचारा

सगळ्या लेखात सर्वांत मोलाची पायरी हीच आहे. बियाण्याच्या माहितीपत्रकावर ‘रोगप्रतिकारक’ असे लिहिलेले असते. ते वाचून समाधान मानू नका. हा वाण प्रतिकार कशाला करतो: किडीला, विषाणूला, की फक्त लक्षणांना?

पहिला प्रकार किडीला प्रतिकार करणारा वाण. अशा रोपाचा रस तुडतुड्याला मानवत नाही. तो कमी शोषतो, कमी अंडी घालतो किंवा पिल्ले जगत नाहीत. यात भाताच्या पैदासीने मोठे यश पाहिले आणि मोठा धक्काही. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा आयआर 26 हा वाण 1973 मध्ये आला. त्यात तपकिरी तुडतुड्याला रोखणारे बीपीएच 1 हे जनुक होते. दोन-तीन वर्षांतच त्याला दाद न देणारे तुडतुडे वाढले. नंतर दुसरे जनुक असलेला आयआर 36 आला आणि तो जास्त काळ टिकला. हिरव्या तुडतुड्याला प्रतिकार करणाऱ्या वाणांचेही असेच झाले: सुरुवातीला शेतात टुंग्रो दिसला नाही, किडीने जुळवून घेतले आणि रोग परतला. वाण विषाणूला मुळात रोखतच नव्हता, फक्त वाहकाला दूर ठेवत होता.

दुसरा प्रकार विषाणूलाच रोखणारा वाण. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ग्रासी स्टंटचे आहे. 1970 च्या सुमारास या संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उपयोगी पडेल असा प्रतिकार सापडला तो भारतातून गोळा केलेल्या ओरायझा निवारा या रानभाताच्या एकाच नमुन्यात. डॉ. गुरदेव खुश आणि सहकाऱ्यांनी तो लागवडीच्या भातात उतरवला, 1974 मध्ये आयआर 28, 29 आणि 30 हे वाण आले, आणि पुढे आयआर 36 मार्गे तो आशियाभर पोचला. बांधाकडेला उगवणारे, दाणे गळून जाणारे रानभात तण म्हणून उपटले जाते. त्याच कुळातल्या एका नमुन्याने कोट्यवधी हेक्टरांवरचे पीक वाचवले, हे मला भातशेतीच्या इतिहासातले सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण वाटते.

विषाणूरोधी प्रतिकार आतून कसा चालतो, हेही थोडे पाहू. विषाणूकडे प्रथिने बनवायची स्वतःची यंत्रणा नसते, तो रोपाची वापरतो. त्या यंत्रणेतले एखादे प्रथिन विषाणूच्या प्रथिनाशी नीट जुळले नाही, तर विषाणूची वाढच होत नाही. इंडोनेशियातल्या उत्री मेराह या जुन्या वाणात टुंग्रोच्या दोन विषाणूंपैकी गोलाकार विषाणूला असलेला प्रतिकार अशाच बदलातून आला आहे. बदललेल्या जनुकाचे नाव ईआयएफ 4 जी. आफ्रिकेतल्या यलो मॉटलला जिगांते हा वाण दाद देत नाही, त्यामागेही याच कुळातले जनुक आहे. 2018 मध्ये संशोधकांनी क्रिस्पर या जनुकात नेमका बदल करणाऱ्या तंत्राने आयआर 64 या वाणातले हेच जनुक बदलून टुंग्रोच्या गोलाकार विषाणूला रोखणारी रोपे मिळवली.

अशा प्रतिकारात एक अडचण आहे. तो अप्रभावी जनुकातून येतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तेच रूप आले तरच दिसतो. संकरित वाणाच्या एकाच पालकात तो असेल तर तुमच्या शेतातल्या रोपाला त्याचा उपयोग नाही. संकरित बियाणे घेताना हे जरूर विचारा.

टुंग्रोत आणखी एक गुंतागुंत आहे, आणि ती आपल्या फायद्याची ठरू शकते. टुंग्रो एका विषाणूचा रोग नाही. दंडाकार विषाणू लक्षणे आणतो, गोलाकार विषाणू त्याला तुडतुड्यावर स्वार व्हायला मदत करतो. गोलाकार विषाणू एकटा असेल तर रोप फारसे बिघडत नाही. दंडाकार एकटा असेल तर तुडतुडा त्याला पुढे नेऊच शकत नाही. म्हणून गोलाकार विषाणूला रोखणारा वाण लावला, तर रोप पिवळे पडले तरी त्या रोपापासून रोग पुढे सरकणे फार कठीण होते. एका शेतापेक्षा अख्ख्या शिवाराला याचा लाभ जास्त.

स्ट्राइप रोगात वेगळी वाट दिसते. एसटीव्ही 11 या जनुकामुळे बनणारे विकर रोपातील सॅलिसिलिक आम्लावर काम करते. हे आम्ल रोपाच्या संरक्षणाचे संदेशवाहक आहे, आणि त्याचे प्रमाण टिकून राहिल्याने विषाणूची वाढ दबते. याशिवाय विषाणूचा आरएनए ओळखून त्याचे तुकडे करणारी यंत्रणा सर्वच रोपांत असते. विषाणूंनीही ती दाबणारी प्रथिने तयार केली आहेत. प्रतिकारक्षम वाणातली झुंज त्यामुळे कायमची जिंकलेली नसते.

तिसरा प्रकार सहनशील वाणाचा. त्यात विषाणू शिरतो, वाढतो, पण उत्पादन फार घटत नाही. तुमच्यापुरते हे ठीक. शेजाऱ्याने बळी पडणारा वाण लावला असेल तर तुमचे हिरवेगार शेत त्याच्यासाठी रोगाचे कोठार ठरते. म्हणून एकाच शिवारात असे वाण शेजारी लावायचे की नाही, हे शेजाऱ्यांशी बोलून ठरवावे.

चाचणी अहवाल हाती आला तर त्यातला 0 ते 9 असा गुणांक पाहा. कमी आकडा म्हणजे जास्त प्रतिकार. किडीच्या चाचणीत ‘तायचुंग नेटिव्ह 1’ हा बळी पडणारा वाण तुलनेला बहुधा ठेवलेला असतो. त्या चाचणीत तोच मेला नसेल तर बाकीच्यांच्या चांगल्या गुणांना अर्थ नाही. आणि अहवाल किती जुना आहे तेही बघा. आयआर 26 ची गोष्ट आठवा.

एकच वाण वर्षानुवर्षे सगळ्या शिवारात लावू नये. इंडोनेशियाच्या दक्षिण सुलावेसीत टुंग्रो आटोक्यात आणताना हंगामागणिक वेगळ्या जनुकांचे वाण आणि एकाच वेळी लावणी, या दोन्हींची जोड दिली गेली.

पायरी 6: रोपवाटिका आणि लावणीची वेळ

रोप जितके कोवळे असताना विषाणू शिरतो, तितके नुकसान जास्त. लावणीनंतर पहिल्या महिन्यात झालेली लागण सर्वांत वाईट. पोटरीच्या सुमारास, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधी, लागण झाली तर पीक बरेचसे निभावते. म्हणून रोपवाटिका रोगट भातापासून आणि रात्री पेटणाऱ्या दिव्यांपासून दूर ठेवा, कारण तुडतुडे उजेडाकडे धावतात. चीनमध्ये रोपवाटिकेवर बारीक जाळी किंवा न विणलेले कापड झाकून तुडतुडे अडवतात. छोट्या क्षेत्रावर हा उपाय फवारणीपेक्षा चांगला आहे.

शिवारातल्या सर्वांनी दोन-तीन आठवड्यांच्या आत लावणी उरकावी. पुढे-मागे लावणी झाली की तुडतुड्यांना एका शेतातून दुसऱ्या कोवळ्या शेतात जायला मोकळी वाट मिळते. उशिराच्या शेतावर टुंग्रोचा मारा बहुधा जास्त पडतो. पंजाबात 2022 च्या प्रादुर्भावात मात्र लवकर लावलेली शेते जास्त खुजी राहिली. म्हणजे योग्य वेळ रोग आणि किडीच्या येण्यावर ठरते, आणि ती स्थानिक सल्ल्यानेच ठरवावी.

नत्र हप्त्यांनी द्या. जास्त नत्राने रोप लुसलुशीत होते आणि तुडतुड्यांना आवडते.

पायरी 7: रोग दिसल्यावर

लावणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मोजकेच चुडे रोगट असतील, तर ते उपटून गाडा आणि तिथे निरोगी रोपे लावा. रोग शेतभर पसरला असेल तर उपटण्यात अर्थ नाही. हलवाहलवीने तुडतुडे उडून निरोगी चुडांवर जातात आणि आपले श्रम वाया जातात.

फवारणीबद्दल स्पष्ट सांगतो. टुंग्रोत तुडतुडा औषधाने मरण्याआधीच विषाणू देऊन मोकळा होतो. म्हणून फवारणी रोगट शेतापेक्षा रोपवाटिकेत आणि लावणीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, तीही मोजणीत मर्यादा ओलांडली तरच करावी. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे भातावर टाळा. ती कोळी आणि मिरिड ढेकूण मारतात आणि तपकिरी तुडतुडे उलट वाढतात. अशाच अनुभवातून इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावर 57 कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली. इमिडाक्लोप्रिडलाही आशियात अनेक ठिकाणी तपकिरी तुडतुडे दाद देत नाहीत, त्यामुळे एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा मारू नका.

पायरी 8: कापणीनंतरची तीन कामे

टुंग्रो बियाण्यातून पसरत नाही. रोगट शेतातले भरलेले, निवडलेले दाणे पुढच्या पेरणीला वापरले म्हणून टुंग्रो येणार नाही. पळिंज मात्र वेगळी काढा.

धोका असतो धसकटांत. कापलेल्या बुडख्यांना पाणी मिळाले की ती पुन्हा फुटतात, आणि त्या हिरव्या फुटव्यांत विषाणू आणि तुडतुडे दोन्ही पुढच्या हंगामाची वाट पाहत राहतात. कापणी झाली की लवकरात लवकर नांगरट करून ती उलथवून टाका. सांडलेल्या दाण्यांतून उगवलेली रोपे आणि बांधावरचे गवतही काढा.

तिसरे काम वहीतले. कोणत्या खाचरात कोणता वाण होता, रोग कोणत्या आठवड्यात दिसला, पट्टा कोणत्या कडेने सुरू झाला, मोजणीत किती तुडतुडे मिळाले, शेजारी कोणता वाण होता. पाचव्या पायरीतले तीन प्रश्न बियाणे देणाऱ्याला किंवा कृषी शास्त्रज्ञाला विचारायला जाल, तेव्हा ही वही बरोबर न्या.